पर्सनल ट्रेनरच्या मुलाखतीची तयारी: डेमोची वीस मिनिटं कशी सांभाळावीत

जिममधल्या ट्रेनरच्या मुलाखतीचे दोन भाग असतात. आधी बसून बोलणं, मग फ्लोअरवर, म्हणजे व्यायामाच्या जागेत, डेमो: समोरच्याला क्लायंट समजून शिकवून दाखवायचं. इंटरनेटवर मिळणारे सल्ले जवळपास सगळे पहिल्या भागाचे असतात: अमुक प्रश्नाचं इंग्रजी उत्तर पाठ करा, घट्ट टी-शर्ट घाला, दंड दिसू द्या. मी पुण्यात बारा वर्षं ट्रेनिंग करते आहे आणि गेली सहा वर्षं नव्या ट्रेनरांच्या मुलाखती घेते आहे. छान इंग्रजी बोलणारी, पिळदार शरीराची मुलं डेमोत पाचव्या मिनिटाला गडबडताना मी दर आठवड्याला बघते. त्यामुळे तयारीचा बहुतेक वेळ डेमोला द्या.

कागदपत्रांचं एका ओळीत: एक पानी बायोडेटा, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याच्या प्रथमोपचाराचं) कार्ड. कार्डाची मुदत बहुधा दोन वर्षांची असते, तारीख आजच बघून घ्या.

दोन दिवस आधी संध्याकाळी सातच्या सुमारास त्या जिममध्ये जाऊन या. मुलाखत बहुतेक वेळा दुपारी, फ्लोअर रिकामा असताना ठेवतात. तेव्हा जिम कळत नाही. रिसेप्शनवर सरळ सांगा की मुलाखत आहे, दहा मिनिटं फ्लोअर बघायचाय. रॅक किती आहेत, हलके डंबेल आहेत का, रिकामी जागा कुठे मिळते आणि मुख्य म्हणजे येतं कोण, ते बघा. कोथरूडमधल्या सकाळच्या बॅचला निवृत्त माणसं भरपूर असतात. हिंजवडीत संध्याकाळी दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडलेली मुलं-मुली येतात. तुमच्या उत्तरांत ही माणसं दिसली पाहिजेत.

थिअरीत पाठ हवं ते थोडंच आहे. मोठे स्नायू आणि त्यांचं काम. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांत ४. सीपीआरमध्ये ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. आणि त्याआधी कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. आहाराचा प्रश्न येतोच. 'भात-भाकरी बंद करा' असं उत्तर दिलंत की माझ्याकडे तुमचे गुण तिथेच कापले जातात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस मोठ्या माणसाला किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. ती डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी यांतून कशी भरायची ते बोला. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्याचा आहार आपण लिहायचा नाही, त्याला आहारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सप्लिमेंटबद्दल विचारलं तर डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक बघायला मेंबरला शिकवीन, असं सांगा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबद्दल विचारलं तर 'नाही', एवढंच.

आता डेमो. मुलाखत घेणारा उठतो, तुमच्यासोबत फ्लोअरवर येतो आणि म्हणतो, "समजा मी ४५ वर्षांचा आहे, बँकेत बसून काम करतो, वजन कमी करायचंय. वीस मिनिटं आहेत. सुरू करा."

माझ्या पहिल्या मुलाखतीत हेच झालं होतं. मी उत्साहात सरांना थेट बारबेलकडे नेलं आणि डेडलिफ्ट शिकवायला लागले. खांदे मागे, छाती वर, पोट घट्ट, मान सरळ, सगळं एका दमात. दुसऱ्या सेटला त्यांनी बार खाली ठेवला आणि विचारलं, "मला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, हे तुम्ही कधी विचारणार होतात?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. नोकरी हुकली याचं दुःख होतंच, पण उद्या खरोखरच्या माणसाच्या बाबतीत मी हेच केलं असतं, या विचारानं जास्त घाबरले होते.

म्हणून पहिली तीन मिनिटं वजनाला हात लावायचा नाही. विचारायचं. हृदयाचा त्रास किंवा बीपी आहे का? छातीत कधी दुखतं का, बसल्या बसल्या किंवा जिना चढताना? गेल्या वर्षभरात चक्कर किंवा बेशुद्धी? दुसरा कुठला जुना आजार? कुठल्या गोळ्या? गुडघा, कंबर, खांदा? डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा, असं कुणी सांगितलंय का? पार-क्यू प्लस या व्यायामाआधी भरून घ्यायच्या तब्येतीच्या फॉर्ममधले सातही प्रश्न असेच आहेत. फॉर्म वाचून दाखवू नका, गप्पांत विचारा.

विचारलंत की उत्तराचं काहीतरी करा. इथे पुष्कळ उमेदवार अडकतात: बीपी आहे म्हटल्यावर मान डोलावतात आणि ठरवून आलेला व्यायामच देतात. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी फारशी वाढू देत नाहीत. मग कमाल नाडी काढायचा २२० वजा वय हा हिशेब त्या माणसाला लागू पडत नाही. त्याला बोलता येतंय का ते बघायचं: पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करायचा. वजन उचलताना श्वास कोंडू द्यायचा नाही, कारण त्यानं दाब एकदम चढतो. जमिनीवरच्या व्यायामातून झटकन उभं करायचं नाही. हे तुम्ही करता करता सहज सांगितलंत, तर माझी खात्री पटते.

कधी कधी प्रश्नातच मेख असते. समोरचा म्हणतो, "जिना चढताना हल्ली छातीत भरून येतं." अशा वेळी बरोबर डेमो म्हणजे डेमो न करणं. "सर, आज व्यायाम नको, आधी डॉक्टरांना दाखवून या", असं ठामपणे सांगायचं. काय वाटेल म्हणून दोन हलके सेट घेणाऱ्याला मी कधीच घेत नाही.

सगळं ठीक असेल तर बाकाजवळ न्या. पहिला व्यायाम बाकावर बसून उठणं. यात मला सगळं दिसतं. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला असू शकतो, टाचेखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवून बघा. गुडघे आत पडत असतील तर बाकाची उंची वाढवा. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेलाच नाही पाहिजे, ही जुनी दहशत मात्र पसरवू नका. गुडघा दुखत नसेल तर थोडा पुढे गेलेला चालतो. तो हट्टानं मागे अडवला की माणूस पुढे वाकतो आणि ताण कमरेवर येतो.

सूचना एका वेळी एकच. माझं यावर फार ठाम मत आहे. नव्या माणसाला पाच गोष्टी सांगितल्या की तो एकही करत नाही, नुसता ताठरतो. सगळ्यात मोठी एक चूक निवडा, तेवढीच सुधारा, बाकीच्या पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. आणि सूचना त्याच्या भाषेत द्या. 'हिप हिंज' (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं) म्हणून कुणाला काही कळत नाही. मी सांगते, "दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत, मागचं दार कमरेनं ढकलून बंद करा." दहातल्या नऊ जणांचं पहिल्याच वेळी जमतं. अशी वाक्यं तुमची तुम्ही तयार करा.

स्पर्श करण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी, स्त्री असो वा पुरुष. "खांद्याच्या मागे हात लावू का?" यात लाजण्यासारखं काही नाही. शक्यतो भिंत किंवा काठी वापरून दाखवा. उभे राहताना बाजूला थोडं तिरकं उभं राहा, म्हणजे गुडघा आणि पाठ दोन्ही दिसतात. फोन बॅगेत. आणि ४५ वर्षांच्या माणसाला 'काका' म्हणू नका, नाव विचारा आणि अहो-जाहो करा.

वीस मिनिटांत तीन हालचाली पुरतात: बसून उठणं, ओढणं, ढकलणं. प्रत्येकीचं एक सोपं आणि एक अवघड रूप हाताशी ठेवा. पुशअप जमिनीवर जमला नाही तर बाकावर, तिथेही नाही तर भिंतीवर. समोरच्याला अपयशी वाटायच्या आत बदल करा, आणि बदलताना "हे तुम्हाला जड जातंय" असं म्हणू नका. शेवटी कसं वाटलं ते विचारा, पुढच्या वेळी काय करणार ते सांगा आणि डंबेल स्वतः जागेवर ठेवा. ते कुणी ठेवलं नाही तर मला लगेच दिसतं.

याचा सराव जिममधल्या मित्रांवर करू नका, त्यांना सगळं येतं. आई, शेजारच्या काकू, सोसायटीचे वॉचमन, अशी कधी जिमला न गेलेली सहा माणसं गाठा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर चित्रीकरण करा आणि नंतर एका सेटमध्ये आपण किती वाक्यं बोललो ते मोजा. माझी पहिल्यांदा चौदा भरली होती. आता दोन असतात.

'पीटी कसं विकाल?' हा प्रश्न विचारतातच, कारण जिमला पर्सनल ट्रेनिंगचा पैसा हवा असतो. "मला विक्री जमत नाही" म्हणू नका. फ्लोअरवर फिरताना चुकीचा व्यायाम करणाऱ्या मेंबरला न मागता, न पैसे घेता एक दुरुस्ती करून देईन, आठवड्यानं चौकशी करीन, असं सांगा. माझे निम्मे क्लायंट असेच आले आहेत.

पैशाचं बोलायला संकोच नको. फिक्स पगार किती, पीटीतला तुमचा वाटा किती टक्के, टार्गेट पूर्ण झालं नाही तर तो घटतो का, पगार आहे की व्यावसायिक फी, पीएफ कापतात का, सकाळ-संध्याकाळ अशी तुटक शिफ्ट आहे का, सुट्टी कोणती. उत्तरं लेखी मागा. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, 'फक्त महिनाभर' म्हणाले तरी नाही. माझं एक मूळ प्रमाणपत्र एका जिमनं असंच ठेवून घेतलं होतं, आणि नोकरी सोडल्यावर ते परत मिळवायला मला सात महिने खेटे घालावे लागले.