खळबळलेलं पाणी टाकू नका

कपडे धुताना खरं पाणी जातं ते फेस काढण्यात. म्हणून पावडर बेताची घाला. रोजच्या बादलीभर कपड्यांना एक मोठा चमचा पुरतो. आधी अर्धा तास साध्या, थंड पाण्यात भिजवा. मशीन असेल तर गरम पाण्याचा पर्याय बंदच ठेवा, कारण सगळ्यात जास्त वीज पाणी तापवण्यातच जाते. कॉलर आणि बाह्यांच्या काठाला मात्र साबणाची वडी घासून पाच मिनिटं तशीच ठेवा. मळ तिथेच धरलेला असतो, बाकी सदरा नुसता चुबकला तरी निघतो.

खळबळताना नळ सोडून ठेवू नका. दोन बादल्या घ्या आणि प्रत्येक बादलीत घालण्याआधी कपडा घट्ट पिळा. ही पिळणी टाळली की तिसरी बादली लागलीच म्हणून समजा! दुसऱ्या बादलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, त्यात पुढचे कपडे भिजवा. फेसाळ पाणी मोरी, संडास, अंगण धुवायला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात तर हे कराच.

वाळत घालताना कपडा जोरात दोनदा झटका. सुरकुत्या तिथेच जातात, घरच्या कपड्यांना इस्त्री लागत नाही.