सहा हजार डॉलरमध्ये पहिलं मोबाइल होम: आधी पार्क, मग कागद, मग घर

माझ्याकडे सुरुवातीला ६,२०० डॉलर होते. शाळेच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं काम करून साठवलेले. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत एवढ्या पैशात घराचं डाउन पेमेंटसुद्धा होत नाही. पण त्याच पैशातून मी पहिलं जुनं मोबाइल होम घेतलं, दुरुस्त केलं आणि विकलं. त्याला आता आठ वर्षं झाली आणि आज हाच माझा पूर्णवेळचा धंदा आहे. ओळखीतल्या मराठी मैत्रिणी अधूनमधून विचारतात, ‘ताई, एवढ्याशा पैशात जमवलंत कसं?’ फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. तुम्ही एच-१बी (नोकरीचा) किंवा एच-४ (जोडीदाराचा) व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय यात हात घालू नका. घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं, हे काम आहे. शेअर घेऊन ठेवण्यासारखं नाही. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले होते.

आता मोबाइल होम म्हणजे काय, ते थोडक्यात. कारखान्यात लोखंडी चासीवर बांधलेलं, चाकांवरून आणून बसवलेलं घर. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे एचयूडीचे, बांधकामाचे नियम (एचयूडी कोड) लागू झाले, म्हणून त्यानंतरच्या घरांना कागदोपत्री ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात. बोलताना सगळे मोबाइल होम किंवा ट्रेलरच म्हणतात. एका तुकड्याचं ते सिंगल-वाइड, दोन तुकडे जोडलेलं ते डबल-वाइड. सुरुवात सिंगल-वाइडनेच करा. आणि १९७६ च्या आधीचं घर कुणी फुकट दिलं तरी पहिल्या खेपेला घेऊ नका. पार्क, म्हणजे अशी घरं उभी करायला जागा भाड्याने देणारी वसाहत, नको म्हणते, विमा मिळायला त्रास होतो आणि घेणारा सापडत नाही.

बहुतेक जुनी घरं पार्कात उभी असतात. घर तुमचं, जमीन पार्कची. त्या जमिनीचं दरमहा भाडं म्हणजे लॉट रेंट. कमी पैशात शिरकाव होतो तो याच व्यवस्थेमुळे. पार्कातल्या जुन्या घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे रोख पैसे घेऊन येणारे थोडेच असतात. विकणाऱ्याला मात्र घाई असते: नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेला असतो, आईवडिलांच्या मागे घर आलेलं असतं, आणि रिकाम्या घराचं लॉट रेंट दर महिन्याला खिशातून जात असतं.

नवखा माणूस घरापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं. एका माणसाने १,५०० डॉलरला सिंगल-वाइड देऊ केलं. आतून स्वच्छ, छप्पर चांगलं, एसी चालू. मी पैसे काढायला निघालेच होते. शेजारच्या घरातल्या आजींनी सहज विचारलं, ‘हे हलवणार कुठे?’ तेव्हा कळलं, त्या पार्कचा नियम होता की जुनं घर विकलं गेलं की ते पार्कातून बाहेर न्यायचं. विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. मी दोन वाहतूकदारांना फोन केले. घर उचलणं, नेणं, नव्या जागी समतळ करून बांधणं, वीज-पाणी जोडणं, सगळं मिळून दोघांनीही ५,००० च्या वरचा आकडा सांगितला. शिवाय तेवढं जुनं घर आत घ्यायला आसपासचं एकही पार्क तयार नव्हतं.

म्हणून मी आता घर बघायच्या आधी पार्क मॅनेजरला भेटते. फोन करत नाही, जाऊन भेटते, आणि महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत तर मुळीच नाही, कारण तेव्हा त्यांचं भाडं गोळा करणं चालू असतं. विचारायचं ते असं: हे घर विकल्यावर जागेवर राहू शकतं का? नव्या मालकाला लॉट रेंट किती लागेल? जुन्या मालकाचं भाडं कमी असतं आणि नाव बदललं की वाढतं, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. पाणी, गटार, कचरा त्यात धरलाय की वेगळा? आधीच्या मालकाचं काही थकलंय का? पार्क बाहेरून काय दुरुस्त करायला लावेल: स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारी पानं), पायऱ्या, रंग? दुरुस्ती चालू असताना मी तिथे राहणार नाही, ते चालेल का? माझ्या गिऱ्हाइकाला तुम्ही कशावर पारखता: उत्पन्न, क्रेडिट, पोलिस रेकॉर्ड? भाड्याने देता येतं का? माझ्या अनुभवात बहुतेक पार्क भाड्याने देऊ देत नाहीत. मिळालेली उत्तरं त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवते, ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून. मॅनेजर बदलतात, ईमेल राहतो.

हीच मॅनेजर मंडळी पुढे तुम्हाला घरं सांगतात. कोण सोडून चाललंय, कुणाचं भाडं तीन महिने आलं नाही, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. तुम्ही घर घेतलंत, वेळेवर लॉट रेंट भरलंत, अंगण साफ ठेवलंत आणि चांगलं कुटुंब आणून बसवलंत, की पुढचा फोन तेच करतात. माझी निम्म्याहून जास्त घरं अशीच आली.

दुसरं काम कागद. टेक्ससमध्ये मोबाइल होमची मालकी ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’वर असते आणि ते राज्याच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे टीडीएचसीएचा, मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभाग देतो. पुष्कळ राज्यांत मात्र गाडीसारखं टायटल असतं. फ्लोरिडात तर डबल-वाइडच्या दोन्ही अर्ध्यांची टायटलं वेगळी असतात, त्यातलं एक हरवलेलं असलं की झाली पंचाईत. तुमच्या राज्यात काय आहे ते पहिल्याच दिवशी बघून घ्या.

घराची ओळख दोन आकड्यांवर चालते. एक एचयूडी लेबल: घराच्या मागच्या टोकाला बाहेरून रिवेट केलेली, साधारण दोन बाय चार इंचांची पत्र्याची पट्टी, तीन अक्षरं आणि पुढे आकडे. डबल-वाइडला दोन पट्ट्या. दुसरा सिरियल नंबर. तो आतल्या डेटा प्लेटवर असतो. हा छापील कागद स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात चिकटवलेला असतो. तो पुष्कळदा कुणीतरी रंगवून टाकलेला किंवा फाडलेला असतो. मग खाली उतरायचं. टो-हिचच्या, म्हणजे घर ओढून नेण्याच्या आकड्याच्या, बाजूने स्कर्टिंगचं एक पान काढायचं, पोटावर पडायचं आणि सगळ्यांत पुढच्या आडव्या लोखंडी पट्टीवर तारेचा ब्रश फिरवायचा. गंज झडला की खाली ठोकलेली अक्षरं वर येतात. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, म्हणजे सावलीत आकडे उठून दिसतात. बाहेरचं लेबल गेलं असेल तर ते नवीन मिळत नाही, पण आयबीटीएस ही संस्था लेबलच्या नोंदीचं पडताळणीपत्र देते.

यातला एक नंबर टीडीएचसीएच्या वेबसाइटवर टाकला की नोंदलेला मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, कराचा बोजा आहे का, सगळं दिसतं. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी मी हे घाईत अर्धवट बघितलं. मालकाचं नाव जुळलं म्हणून खूश झाले, कराचा रकाना उघडलाच नाही. पैसे दिल्यावर काउंटीच्या कर कार्यालयात गेले, तर १,१८० डॉलर थकलेले. थकबाकी भरल्याशिवाय नाव बदलेना, विकणाऱ्याचा फोन लागेना. तेव्हापासून माझा नियम असा: कर कार्यालयाचा दाखला हातात आला की मगच पैसे, आणि थकबाकी असेल तर ती किमतीतून वळती. टेक्ससमध्ये विक्रीनंतर ६० दिवसांच्या आत मालकी बदलण्याचा अर्ज गेला पाहिजे. नोंदलेले मालक नवरा-बायको दोघं असतील तर सही दोघांची घ्या. मालक वारला असेल तर वारसांचे कागद तयार झाल्यावरच पुढे जा.

आता घर. मी फार हुशारीने बघत नाही, पायांनी बघते. पातळ तळव्याचे बूट घालते आणि भिंतीच्या कडेकडेने सावकाश चालते. जुन्या घरांत पायाखालची जमीन पार्टिकल बोर्डाची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची, असते. पाणी लागलं की ती आधी फुगते, मग भुसा होते. कमोडभोवती, बाथटबच्या पुढे, वॉटर हीटरच्या कपाटात, वॉशरखाली आणि खिडक्यांखाली मुद्दाम वजन टाकते. पावलाखाली स्पंजासारखं लागलं की गालिचा उचलायचा. हातभर तुकडा खराब असेल तर तेवढाच कापून प्लायवूड बसवता येतं. पण पाय दिल्यावर भिंत हलत असेल तर पाणी कडेच्या लाकडापर्यंत पोचलंय, आणि ते काम पहिल्या घराला झेपत नाही.

मग खाली वाकून पोट बघायचं. चासीखालचं काळं आवरण फाटून लोंबत असेल तर आतलं इन्सुलेशन भिजलेलं असतं, आणि पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं. सिंकखालच्या नळ्या करड्या प्लास्टिकच्या असतील तर ते बहुधा पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५ पर्यंतच्या घरांत हे सर्रास घातलं गेलं आणि फुटतं म्हणून बदनाम आहे. मी असं घर घेते, पण सगळी नळजोडणी बदलण्याचा खर्च धरूनच बोली लावते. दारं घासत असतील तर घाबरू नका, घर समतळ करून घेतलं की बहुतेकदा ती सुटतात. किनारपट्टीकडे घेणार असाल तर डेटा प्लेटवरचा विंड झोनही बघा, म्हणजे घर किती जोराच्या वाऱ्यासाठी बांधलंय ते. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर, १९९४ मध्ये वाऱ्यासाठीचे नियम कडक झाले.

सामानाचं एक ध्यानात ठेवा: या घरांची मापं वेगळी. बाहेरचं दार पुष्कळदा ३४ बाय ७६ इंचांचं, बाथटब ६० ऐवजी ५४ इंचांचा. मी पहिल्यांदा साध्या दुकानातून टब आणला आणि तो आत गेलाच नाही. मोबाइल होमचं सामान ठेवणारी वेगळी दुकानं असतात, जवळचं एक शोधून ठेवा. वॉटर हीटर आणि फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) तर मोबाइल होमसाठी मान्यता असलेलेच घ्यायचे. ती सुरक्षिततेची बाब आहे.

माझ्या पहिल्या घराचा हिशेब सांगते. १९८३ चं, १४ बाय ६० फुटांचं. मागितले ५,५००, दिले ३,४००. मी भाव पाडून मागितला नव्हता. दुरुस्तीची यादी कागदावर आकड्यांसकट विकणाऱ्यांपुढे ठेवली आणि त्यांनी स्वतःच आकडा खाली आणला. घरातली जमीन, एक टब, स्कर्टिंग, रंग आणि दोन नळ मिळून १,३१०. दोन महिन्यांचं लॉट रेंट ३८५ प्रमाणे ७७०. मालकी बदलण्याची फी ५५. एकूण ५,५३५. हातात उरले ६६५, आणि त्या दोन महिन्यांत मला नीट झोप लागली नाही. म्हणून तुम्हाला सांगते, असलेले सगळे पैसे घरात घालू नका. दुरुस्ती सोडून तीन महिन्यांचं लॉट रेंट बाजूला ठेवता येत नसेल तर अजून थोडं साठवा. घर ९,००० ला रोख विकलं गेलं. ३,४६५ उरले, त्यात माझे आणि नवऱ्याचे सतरा शनिवार-रविवार धरलेले नाहीत.

विकताना पुष्कळ जण हप्त्यांचा मोह धरतात: थोडे पैसे आधी घ्यायचे, बाकी दरमहा व्याजासह. पैसा त्यात जास्त आहे हे खरं. पण २००८ चा सेफ ॲक्ट आणि २०१० चा डॉड-फ्रँक कायदा आल्यापासून, राहायला घर घेणाऱ्याला हप्त्याने घर दिलंत की तुम्ही कर्ज देणारे ठरता, मग घर चाकांवरचं का असेना. वर्षाला एखाददुसऱ्या व्यवहारासाठी सवलती आहेत, पण त्यांना अटी आहेत. पहिलं घर रोखीने विका. पुढे हप्त्यांवर जायचं तर वकील आणि परवानाधारक लोन ओरिजिनेटर (कर्जाचा व्यवहार करून देणारा) यांचा खर्च धंद्यातच धरा. तसंच टेक्ससमध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त घरं ग्राहकांना विकायची तर रिटेलरचं लायसन्स लागतं. मी दुसरं घर विकण्याआधी ते काढलं.

गिऱ्हाइकाशी बोलताना मी किमतीच्या आधी लॉट रेंट सांगते. घर ९,००० चं, पण दर महिन्याचं भाडं, वीज आणि विमा त्या कुटुंबाला पेलला नाही तर वर्षभरात त्यांचं घरही जातं आणि पैसेही. एकदा एका बाईला मी आकडे मांडून दाखवले आणि त्या घेतल्याशिवाय परत गेल्या. दीड वर्षाने दोघं कमवायला लागल्यावर त्याच पुन्हा आल्या आणि घर घेऊन गेल्या. घरातल्या जमिनीत काय बदललं, काय तसंच राहिलं, नळ कुठले जुने आहेत, हे सगळं लिहून गिऱ्हाइकाची सही घेते आणि एक प्रत त्यांना देते.

शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकाबरोबर स्वतः पार्कच्या ऑफिसात जा. त्यांचा अर्ज आधीच मंजूर झालेला असला पाहिजे. नवीन लॉट लीज (जागेचा भाडेकरार) त्यांच्या नावावर होऊ द्या आणि तुमचं लीज त्या तारखेला संपल्याचं पत्र मागून घ्या. ते पत्र नसेल तर पुढच्या महिन्याचं भाडं तुमच्याच नावाने पडतं. वीज कंपनीला तिथूनच फोन करून मीटर त्यांच्या नावावर करून घ्या, आणि मग किल्ल्या द्या.