ग्रामसेवक म्हणून नवीन लागलात? मग हे वाचून घ्या

नवीन लागलेल्या पोरापोरींचे फोन येत असतात. 2024 मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं पण आमच्या इकडे अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच लिहितो. बहुतेकांचे प्रश्न नमुन्यांचे असतात, नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) कसा लिहू, ऑडिटला काय काय काढून ठेवू वगैरे. ते शिकता येते हो, बाजूच्या गावचा सिनियर एका दुपारी समजावून देतो. पण गावात तुम्हाला सगळे साहेब म्हणतात आणि हुकूम तुमचा कोणावरच चालत नाही, हे पहिले कोणी सांगत नाही. सरपंच निवडून आलेले, मेंबर निवडून आलेले, शिपाई गावचाच आणि त्याचा मोठा बाप (बापाचा मोठा भाऊ) उपसरपंच. मग काम पुढे सरकते कशाच्या भरवशावर? माझ्या मते तुम्ही लोकांना काय विचारता आणि केव्हा गप्प बसता, त्यावर.

चार्ज घेतला की ऑफिसात बसून जुनी प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या ठरावांच्या वह्या, वाचून काढा, कंटाळा आला तरी. पाच-सात वर्षांचं वाचलं की काही विषय परत परत आलेले दिसतात. आमच्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोलीकडे, असा एक विषय ठरलेला, मामा तलावाची पाळ दुरुस्त करणे. (मामा म्हणजे माजी मालगुजारी, बाहेरून आलेल्यांसाठी सांगून ठेवतो, मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 च्या सुमारास गेली पण तलाव अजून गाव पोसून राहिले.) एकच ठराव दोन-तीनदा मंजूर होऊनही पाळ तशीच असेल तर समजा अडचण नुसती निधीची नाही. तलावाच्या पोटात कोणी धान लावते, मासेमारी कोणत्या सोसायटीकडे आहे, तुडूम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचा यावर वरच्या आणि खालच्या बांधीवाल्यांचं (बांधी म्हणजे धानाचं शेत) का जमत नाही, हे ठरावात कोणी लिहीत नसते. ते विचारायचं असेल तर पानठेल्यावरच्या पुढाऱ्याला नका विचारू, ज्याची बांधी नहराच्या (कालव्याच्या) शेवटी आहे त्याला गाठा. पाणी पोचते का नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसते.

एक सवय लावून घ्या, डायरीत पाहिलेलं एका बाजूला आणि ऐकलेलं दुसऱ्या बाजूला लिहायचं. "साहेब, अख्ख्या गावाले पाणी नाही जी" असं कोणी म्हटलं की ते ऐकलेल्यात टाका, मग नळवाल्याला सोबत घेऊन पाइपलाइनवरून पायी जा. पुष्कळदा अख्खं गाव म्हणजे एक टोला (वस्ती) निघते, आणि त्या टोल्याचं म्हणणं खरंच असते, फक्त उपाय नवीन टाकी नसून एक व्हॉल्व असतो. हे फिरल्याशिवाय कळत नाही, आणि खुर्चीवर बसून एस्टिमेट मागवलं की टाकीचंच येते.

मेंढा (लेखा) ऐकलं असेल, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली जवळपास 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलात बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. लोक हे सांगतात आणि थांबतात. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते, तिथं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात नुसती चर्चा, बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, पण निर्णय तिथं होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही तर सगळ्यांच्या सहमतीने, मग वेळ लागला तरी चालते.

आता सगळीच गावं मेंढा नसतात, ते छोटं गोंड गाव आहे, तुमच्या गावात दोन पार्ट्या आणि चार समाज असतील तर सर्वसहमतीची वाट पाहता पाहता मार्च एंड निघून जाईल. पण ठराव न करता नुसतं बसून बोलायचं, ही पद्धत कुठंही चालते. गावाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेआधी संध्याकाळी वॉर्डावॉर्डात बसा, रजिस्टर नेऊ नका, सही मागू नका. रजिस्टर उघडलं की माणूस आपल्या पार्टीचं बोलायला लागते. आणि अशा बसण्यात तुमचं मत पहिले सांगू नका, साहेबाने एकदा सांगितलं की अर्धे लोक हो म्हणतात आणि अर्धे त्याच कारणाने नाही म्हणतात.

वेळही पाहा. साध्या गावात कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते (पेसा म्हणजे आदिवासी भागासाठीच्या कायद्यातल्या गावांचे नियम वेगळे, ते वेगळे वाचा). पण मे महिन्यात लोक पहाटेच तेंदूपत्त्याला जातात, मग दुपारभर पुडे बांधत बसतात, पावसाळ्यात धानाची रोवणी (लावणी) असते. सकाळी अकराची ग्रामसभा ठेवून लोकांना गावाचं काही पडलेलं नाही म्हणणारे ग्रामसेवक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

सरपंच बाई असतील, अर्ध्या जागा महिलांच्याच आहेत, तर पहिल्या दिवसापासून त्यांच्याशीच बोला. त्यांचे मिस्टर पुढे होऊन बोलतील, त्यांना चहा पाजा, राम राम करा, आणि प्रश्न मात्र "सरपंचताई, तुमचं काय म्हणणं आहे?" असाच विचारा. सुरुवातीला त्या नवऱ्याकडे पाहतील, तुम्ही थांबून राहा. फाइल समजून सांगायला पंधरा मिनिटं जास्त लागतात, ती द्या.

पैशाच्या बाबतीत मात्र गप्प बसायचं नसते. वित्त आयोगाच्या पैशाचा मोठा भाग (पंधराव्यात, म्हणजे मार्च 2026 पर्यंत, 60 टक्के) बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच, त्यातून सभामंडप मागायला येतातच, तेव्हा "पाहू" म्हणू नका, शासन निर्णयाची झेरॉक्स काढून हातात द्या आणि उरलेल्या अबंधितमध्ये बसते का ते त्यांच्यासमोरच हिशेब करून पाहा. पाहू म्हटलं की गावात त्याचा अर्थ साहेब तयार आहेत असा होतो. आणि डिजिटल सहीचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, तो कितीही भला पोरगा असो, दोन गावांचा चार्ज असो की नेट फक्त रात्रीच चालत असो. पेमेंटच्या दिवशी स्वतः बाजूला बसा.