आयटीआय झाला, आता वायरमनचा परवाना काढायचा कसा: कोल्हापुरातल्या पोरांसाठी

दरवर्षी आयटीआयचा निकाल लागला की कळंब्याची चार-पाच पोरं तरी माझ्याकडं येतात, दादा काम द्या म्हणून. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, परवाना काढलास का? त्यावर निम्मी पोरं खिशातनं आयटीआयच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून पुढं करतात. भावा, हा परवाना नव्हे. हे कागद सांगतंय की तू दोन वर्षं शिकलास, दुसऱ्याच्या घरातल्या लाइनला हात लावायची मुभा वेगळ्या कागदावर मिळते आणि तो कागद वेगळ्या ठिकाणाहून येतो. पोरांना हे कुणी नीट बसून सांगत नाही म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढतोय, जरा लांबेल पण वाचा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. वीज कायदा २००३ चा, त्याच्याखाली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, आधी २०१० चे होते, २०२३ ला नवे आले. त्यातली आपल्या धंद्याची गोष्ट एवढीच की नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, दुरुस्ती, फेरफार हे सगळं लायसन असलेल्या ठेकेदारानंच करायचं, सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातानं. सूट कशाला आहे तर बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरातलं उपकरण, हे जसंच्या तसं बदलायला, म्हणजे ज्यानं लोड वाढत नाही आणि वायरिंगचं रूप बदलत नाही एवढ्यापुरतं. जळालेली ट्यूब काढून दुसरी लावली, कुणी काही म्हणणार नाही. पण त्याच ट्यूबच्या वायरवरनं बाथरूममध्ये गिझरचा पॉइंट ओढून दिला तर ते बदलणं राहिलं नाही, ते नवीन काम झालं, आणि ते विनापरवाना केलंस तर उद्या काही झाल्यावर पोलिसांपुढं तू एकटा उभा असतोस, मालक नसतो आणि मिस्त्री तर नसतोच नसतो.

आता कागद तीन आहेत आणि लोक ह्यातच गोंधळतात. पहिला वायरमनचा, सरकारी भाषेत तारतंत्री परवाना. दुसरा सुपरवायझरचा, म्हणजे पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र. तिसरं विद्युत ठेकेदाराचं लायसन, अनुज्ञप्ती म्हणतात. वायरमनचा परवाना हातात आला की पोरं लगेच कार्ड छापतात आणि बंगल्याची कामं घ्यायला लागतात, तसं नाही रे, त्या परवान्यावर तू ठेकेदाराकडं काम करू शकतोस, स्वतः ठेका घेऊन टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या कागदावर, सही मारू शकत नाहीस. हे तिन्ही कागद देणारं महाराष्ट्राचं अनुज्ञापक मंडळ मुंबईला चेंबूरमध्ये मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आहे. कोल्हापुरात विद्युत निरीक्षकांचं ऑफिस आहे, काही अडलं तर तिथं जाऊन विचारायचं, लाजायचं काय त्यात. महावितरणच्या ऑफिसात हा परवाना मिळत नाही. पोरं ताराबाई पार्कात विद्युत भवनला हेलपाटा मारून परत येतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आयटीआयवाल्यांचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड एनसीव्हीटीतून (व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) पास असशील तर वायरमनच्या परीक्षेतनं सूट मिळते, कागदपत्रं लावून अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज भरायच्या आधी सगळी कागदं टेबलावर शेजारी शेजारी मांडून नाव वाच, अक्षर न् अक्षर वाच. आपल्याकडं हा लई मोठा घोळ असतोय. शाळेच्या दाखल्यावर दादासो, आधारवर दादासाहेब, आयटीआयच्या मार्कलिस्टवर नुसतंच दादा, आणि बापाच्या नावाचं तर विचारूच नका, एका ठिकाणी बाबासो, एका ठिकाणी बाबासाहेब, कुठं आडनाव आधी कुठं शेवटी. आपल्याला कळतं माणूस एकच आहे ते, चेंबूरला बसलेल्या क्लार्कला कसं कळणार? अर्ज परत येतो आणि महिना-दोन महिने जातात. म्हणून आधी आधार दाखल्याप्रमाणं दुरुस्त करून घे आणि मगच अर्जाला हात घाल. स्कॅन करताना मोबाइलनं तिरका फोटो काढून टाकू नकोस, शिक्का आणि नंबर दिसला पाहिजे.

आयटीआय न करता मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेली पोरं आपल्याकडं भरपूर आहेत, आणि खरं सांगतो, त्यातल्या काहींचा हात आयटीआयवाल्यापेक्षा साफ असतोय. त्यांना वाट बंद नाही, पण मंडळाची परीक्षा द्यावी लागते आणि अनुभवाचा दाखला लागतो. इथं मी स्वतः फसलोय. आयटीआयला जायच्या आधी तीन वर्षं मी राजारामपुरीत एका मिस्त्रीकडं होतो, सकाळी आठला भिंत फोडायला सुरुवात करायची ते रात्री आठ, माणूस चांगला होता, शिकवलं पण मनापासून. परीक्षेला बसायचं म्हणून दाखला मागितला तेव्हा कळलं की त्याच्याकडं लायसनच नाही, वीस वर्षं तो दुसऱ्याच्या सहीवर कामं करत होता. त्याच्या पत्राला काही किंमत नव्हती, तीन वर्षं कागदावर शून्य झाली आणि मी परत पहिल्यापासून आयटीआयला ॲडमिशन घेतली. म्हणून कुणाच्याही हाताखाली लागताना पगाराच्या आधी विचारायचं, मिस्त्री लायसन आहे का, नंबर काय, चालू आहे का संपलंय. राग येईल त्याला, येऊ दे. दाखल्यावर ठेकेदाराचा लायसन नंबर, तू कधीपासून कधीपर्यंत होतास, कसलं काम केलंस हे स्पष्ट लिहून घ्यायचं.

एजंटच्या नादाला लागू नका. माझ्याबरोबरच्या एकानं पैसे देऊन परवाना करून घेतला, रंगीत कागद, शिक्का, सगळं झकास, आणि नंबर तपासला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला. पैसे गेले ते गेलेच, वर ज्या कारखान्यात तो लागणार होता तिथली नोकरीपण गेली. आणखी एक, स्किल इंडियाचं कौशल्याचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही, ते वेगळं. आणि लोक ज्याला अजून 'बोर्डाचा वायरमन' म्हणतात, बोर्ड म्हणजे जुनं वीज मंडळ २००५ लाच फुटून महावितरण झाली पण तोंडात बोर्डच बसलंय, तर त्या वायरमनचं काम खांबापासून तुमच्या मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचं वायरिंग मालकाच्या जबाबदारीचं. त्याला चहापाणी देऊन घरात पॉइंट काढून घेतले तर ते काम कुणाच्याच नावावर लागत नाही.

सुपरवायझरच्या प्रमाणपत्राला डिप्लोमा किंवा डिग्री इलेक्ट्रिकल असेल तर अनुभव दाखवून मिळतं, बाकीच्यांना त्याची पण परीक्षा आहे, वायरमनपेक्षा अवघड. नुसतं हातानं काम येतंय म्हणून जाऊ नका, वायरिंगचं आयएस ७३२ आणि अर्थिंगचं आयएस ३०४३ ही भारतीय मानकं वाचून, त्यातली मापं पाठ करून जा. ठेकेदाराच्या लायसनला स्वतः सुपरवायझर पाहिजे नाहीतर पगारावर ठेवलेला पाहिजे, परवानाधारक वायरमन पाहिजे, आणि मोजायची साधनं पाहिजेत, मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र), अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर वगैरे. ही साधनं पोरं लायसनपुरती कुणाची तरी उसनी आणून दाखवतात, ते करू नका, मेगर हा आपल्या धंद्यातला डॉक्टरचा स्टेथोस्कोप आहे, घ्या स्वतःचा. लायसनची मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी मोबाइलला गजर लावून ठेवा, मुदत संपलेल्या लायसनवरची सही चालत नाही. आणि लायसनवाल्याला आणखी एक गोष्ट माहीत पाहिजे, शॉकनं कुणी दगावलं तर २४ तासांच्या आत आणि जखमी झालं तर ४८ तासांच्या आत विद्युत निरीक्षकांना कळवायचं असतं आणि ते येईपर्यंत तिथली वायर-बिअर काढून टाकायची नाही, माणसाचा जीव वाचवायला जेवढं हलवावं लागेल तेवढंच हलवायचं.

आता टेस्ट रिपोर्ट. नवीन मीटर घेताना महावितरणला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर ठेकेदाराची सही आणि लायसन नंबर लागतो. आणि इथंच धंद्याला कीड लागलीय. वायरिंग कुणीतरी केलेलं, घर न बघता सही पाचशे-हजारात विकली जाते. माझ्याकडं पण येतात. मागं पाचगावकडच्या एका बंगल्याचे मालक आले, काम दुसऱ्यानं केलंय, सगळं चालू आहे, तुम्ही फक्त सही करा. मी म्हटलं घर बघितल्याशिवाय नाही. गेलो, मेन बंद केला, सगळी उपकरणं, बल्ब काढून घेतले, स्विच सगळे ऑन केले आणि एकेक सर्किट मेगरला लावलं. हॉल चांगला, बेडरूम चांगल्या. किचनचं सर्किट अर्थला लावून बटण दाबलं तर काटा ०.३ वरनं हलेना. नियम असा की ५०० व्होल्ट डीसी एक मिनिटभर लावल्यावर निदान १ मेगओहम आलं पाहिजे. दोन तास शोधलं. किचन ट्रॉलीवाल्यानं कपाट बसवताना मारलेला स्क्रू भिंतीतल्या पाइपातनं फेजच्या वायरला चाटून गेला होता, इन्सुलेशन सोललेलं, तांबं चमकत होतं. मिक्सर चालत होता, फ्रिज चालत होता, सगळं 'चालू' होतं. पावसाळ्यात ती भिंत ओल धरली असती आणि ओट्याजवळ त्या घरातली बाई ओल्या हातानं उभी असती. स्क्रू बाहेर काढून मालकांच्या हातात दिला, ते काही बोलले नाहीत, वायर नवीन ओढून घेतली आणि मगच सही केली.

अर्थिंगचं पण असंच. मालक म्हणतात एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे की, मग कशाला आणखी खर्च. हिशोब करून दाखवा त्यांना. अर्थचा रेझिस्टन्स ५ ओहम धरला, चांगला आहे असं समजू, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर करंट जमिनीत जातोय. २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला कमीत कमी १०० अँपिअर लागतात. म्हणजे गिझरच्या बॉडीला फेज लागली तरी तो लगेच पडणार नाही, तापून तापून पडेल, तोवर माणूस चिकटून राहिलेला. म्हणून घराला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, पाहिजेच, तिथं मी ऐकत नाही, नको असेल तर दुसरा ठेकेदार बघा म्हणून सांगतो. आणि माती बघून अर्थिंग करा. शिरोळ, करवीरच्या काळ्या मातीत ओल टिकते, एका पाइपात रीडिंग चांगलं येतं. पन्हाळा, आजरा, चंदगडकडं जांभा लागतो, तिथं एका खड्ड्यात भागत नाही, दोन-तीन अर्थ घालून ते एकमेकाला जोडावे लागतात. भर पावसात मोजलेल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये परत मोजा, तेव्हा खरं कळतं.

शेवटचं पुराचं, कारण ते आपल्या गावाचंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, दुधाळी, चिखली, आंबेवाडीत मीटर पाण्याखाली होते, आणि पाणी उतरल्या उतरल्या लोकांची घाई, लाइट चालू करून द्या. अशा वेळी परवाना नसलेला कुणीही ओळखीचा पोरगा बोलावला जातो. तुम्ही परवानाधारक असाल तर तुम्हीच पुढं व्हा आणि मालकाला समजावून सांगा. महावितरणकडनं सप्लाय बंद असल्याची खात्री करायची आणि तरीही टेस्टरनं बघायचं. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी फेकून द्यायचे, उन्हात वाळवून परत लावायचे नाहीत, आत गाळ बसलेला असतो आणि पडायच्या वेळी ते पडत नाहीत. स्विच, सॉकेटचं पण तेच. पाइपातलं पाणी काढायचं, खालचे जॉइंट उघडून ठेवायचे, चार दिवस वारा लागू द्यायचा, मग मेगर. एकच सर्किट चांगलं आलं तर तेवढंच चालू करून द्यायचं, एक बल्ब आणि मोबाइल चार्जिंगला पॉइंट, लोकांचं तेवढ्यावर भागतं. बाकीचं रोज जाऊन मोजायचं, वहीत तारीख आणि रीडिंग लिहायचं, आणि १ मेगओहमच्या वर काटा गेल्यावर मग ते सर्किट वर करायचं.