गूळ-व्हिनेगरचे पोर्क चॉप्स: या चुका टाळा

एकाच पॅनमध्ये अर्ध्या तासात होणारं जेवण आहे हे. अर्धा किलो चॉप्स (डुकराच्या मांसाचे जाड काप), २ मोठे चमचे किसलेला गूळ, तेवढंच व्हिनेगर, चमचाभर सोया सॉस, ७-८ लसूण पाकळ्या, बस. तरी दर वेळी कुणीतरी फोटो पाठवून विचारतंच, काळं का झालं?

गूळ आधी घातलात म्हणून! साखर १६० अंशांच्या पुढे करपायच्या वाटेला लागते आणि मांस भाजायला पॅन २०० च्या आसपास तापलेला असतो, मग मांस शिजेपर्यंत गूळ टिकणार कसा? मध तर त्याहून लवकर जळतो. माझ्या मावसभावाने हेच केलं होतं, रात्रीचे नऊ, चार माणसं जेवायची थांबलेली, म्हणाला सगळं एकदम टाकतो, मुरेल पण आणि शिजेल पण. चौथ्या मिनिटाला घरभर धूर, चॉप वरून कोळसा आणि कापला तर आत कच्चा. मग घाबरून पाणी ओतलं, झाकण ठेवलं, तर करपलेली चव पाण्यात उतरून सगळ्या मांसात शिरली. शेवटी अंडी फोडली. चांगलं मांस असं टाकून द्यावं लागलं की मला फार वाईट वाटतं, एका जनावराचा जीव गेलेला असतो त्यात.

मी काय करते, चॉप्सना फक्त मीठ-मिरपूड, दोन्ही बाजू ३-४ मिनिटं भाजून ताटात काढते. जास्तीची चरबी वाटीत ओतून घेते, उरलेल्या चमचाभरात लसूण, मग व्हिनेगर आणि सोया सॉस घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडते (खरी चव तिथेच असते), आणि गूळ सगळ्यात शेवटी. हा रस चमच्याच्या पाठीला चिकटायला लागला की चॉप्स परत आत, ताटात सुटलेल्या रसासकट, एक-दोन मिनिटं उलटसुलट करायचे. पातळ वाटला तरी गॅस बंद करा, गार होताना घट्ट होतोच, घरी कधी चिक्की केली असेल तर माहीत असेल.

दुसरी चूक, ओलं मांस. धुतलं आणि तसंच पॅनमध्ये, वर सहा चॉप्स एकमेकांना खेटून. पाणी सुटतं, चरचर बंद होते आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं, करडं, रबरासारखं. फडक्याने किंवा टिश्यूने नीट कोरडं करा, दोन खेपांत भाजा. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत की, एवढी कसली घाई आहे!

खांद्याचं मांस घेऊ नका, ते तासभर मंद आचेवर शिजणारं. दोन सेंटीमीटर जाडीचे चॉप्स मागा, कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्या नाहीतर ते वाटीसारखे वळतात.

कच्चट ठेवू नका. अमेरिकेत अख्ख्या तुकड्याच्या आतलं तापमान ६३ अंश आणि ३ मिनिटं विश्रांती पुरे मानतात, पण आपल्याकडे उघड्या बाजारातलं मांस आणि फीतकृमीची भीती, म्हणून मी ७० च्या पुढे नेते. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा.

व्हिनेगर शक्यतो गोव्याचं माडाचं घ्या, पांढरं सिंथेटिक नुसतंच झोंबतं. आणि लोखंडी तव्यात केलंत तर हा गुळाचा रस त्यात ठेवून जेवायला बसू नका, आंबटामुळे लोखंडाची चव उतरते.