एल्कच्या सीझनआधीची तयारी: रायफलचे यार्ड आणि आपले यार्ड

यंदा ऑक्टोबरात आमच्या कोलोराडोतल्या शिकारीच्या कॅम्पवर दोन नवीन मंडळी येतायत, दोघंही मूळ पुण्याचे, एक आता डेन्व्हरला आणि एक डॅलसला, आणि दोघांनी पहिला प्रश्न एकच विचारला, दादा एल्क (इथलं मोठं हरीण) किती लांबून मारता येतो? आता रायफल किती लांब मारते ते गोळ्यांच्या डब्यावर छापलेलं असतं, पण आपण किती लांबून मारायचं हे ज्याचं त्याने घरून काढून आणायचं असतं, म्हणून काय काय करून या ते एकदाच सगळं लिहून टाकतो, फोनवर परत परत सांगायला नको.

कागदपत्रं पटकन उरकू. १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. एच-वन-बीवर असाल तर बंदूक बाळगायलाच फेडरल कायद्याची बंदी आहे, हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, पण हे माझ्या भरवशावर करू नका, वकिलाला विचारा. भडक केशरी कपडा कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी (गुलाबीही चालते, हसू नका). एल्कसाठी गोळी कमीत कमी ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) असा नियम आहे, माझ्या मते तीनशे किलोच्या नरासाठी ८५ ग्रेन म्हणजे चेष्टाच. आपलं सांबर डोळ्यासमोर आणा आणि त्याहून थोराड काहीतरी समजा, हाडं तशीच जाड. १६५-१८० ग्रेनची चांगली गोळी घ्या, आणि एकच डबा नको, चार-पाच घ्या, त्यातले तीन तरी सरावात संपवायचेत.

रायफल २०० यार्डवर झिरो करा, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमाच्या जागी बसेल असा स्कोप लावा. थर्टी-ऑट-सिक्सचं काडतूस आणि १८० ग्रेनची गोळी धरली तर त्या झिरोवर ३०० ला गोळी साधारण आठ इंच खाली, ४०० ला जवळपास दोन फूट आणि ५०० ला चार फुटाला थोडी कमी. हे आकडे बघून घाबरायचं कारण नाही, खाली पडणं हा नुसता हिशोब आहे, रेंजफाइंडर अंतर सांगतो, स्कोपचा टरेट (वरची आकड्यांची चकती) फिरवला की झालं (गोळी किती पडते त्याचा चार्ट काढताना उंची ९-१० हजार फूट टाका, विरळ हवेत गोळी कमी पडते, समुद्रसपाटीचा चार्ट घेऊन आलात तर वरून जाईल). खरा घोळ वाऱ्याचा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डला गोळी सहा इंच ढकलतो आणि ५०० ला दीड फूट, आणि वारा मोजायचं यंत्र फक्त तुम्ही बसलायत तिथला वारा सांगतं, मधल्या घळीत काय चाललंय ते त्याला कुठून कळणार. शिवाय ५०० यार्डला गोळी पोचायला सेकंदाचा दोन-तृतीयांश वेळ लागतो, तेवढ्यात चरणारी मादी एक पाऊल आरामात टाकते आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. आणि तिथे पोचेपर्यंत वेग सेकंदाला १९०० फुटांच्या खाली आलेला असतो, बऱ्याच गोळ्यांना लागल्यावर आत नीट फुलायला १८०० च्या आसपास तरी लागतो.

आता मुख्य काम, आणि हे ऑगस्टपासूनच सुरू करा. दुकानातल्या साध्या कागदी प्लेटा आणा, दहा इंची, एल्कचं काळीज-फुप्फुस त्याहून थोडं मोठं असतं पण आपण प्लेटच धरायची. रेंजवरच्या बाकावर सँडबॅग लावून मारायचं नाही, डोंगरावर बाक नसतो. पाठीवरची सॅक पुढे टाकून, किंवा शूटिंग स्टिक्स लावून बसून, आणि बंदूक थंड असताना पहिली गोळी, तेवढीच मोजायची. दुसरी-तिसरी बसली तर तुमचं मनोरंजन झालं, एल्क पहिल्या आवाजाला उभा राहीलच असं नाही. दर वीकेंडला अशा जमतील तितक्या, दर वेळी बंदूक थंड होऊ द्या आणि मध्ये पार्किंगपर्यंत पळून या म्हणजे धाप लागेल. २०० पासून सुरू करा, दहापैकी दहा प्लेटमध्ये बसल्या की ५० यार्ड मागे सरका, जिथे एक हुकली त्याच्या आधीचा टप्पा हा तुमचा आकडा. तो मार्करने बंदुकीच्या दांड्यावर टेप लावून त्यावर लिहा. माझ्या टेपवर ३०० आहे, गेली पाच वर्षं तेवढाच.

त्याआधी टेप नव्हती. पहिल्या सीझनला मी ४६० यार्डवरून मारली, घळीच्या पलीकडे मादी आडवी उभी, माझ्या गालाला वारा लागत नव्हता म्हणून वारा नाही असं धरलं. गोळीचा आवाज परत आला तो फटाक नाही, ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा, आणि ती पाठ वाकवून हळूहळू झाडीत गेली. पलीकडे जायला पन्नास मिनिटं लागली, तिथे गेल्यावर सगळी ॲस्पेनची झाडं सारखीच दिसायला लागली, ती नेमकी कुठे उभी होती तेच सापडेना. रात्री दहापर्यंत हेडलॅम्प घेऊन फिरलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, रक्ताचे चार थेंब आणि थोडं हिरवट काहीतरी. सापडली नाही. तो टॅग (एका जनावराचा परवाना) मी परत वापरला नाही, तसा कायदा नाही, पण माझा एल्क मारून झाला होता.

म्हणून टेपवरच्या आकड्यातून डोंगरावर फक्त वजाबाकी करायची, बेरीज नाही. गवत हलतंय, शंभर वजा. धाप लागलीय किंवा नीट टेकायला जागा नाही, पन्नास वजा. जनावर चालतंय, थांबेपर्यंत ट्रिगरला हात नाही. सूर्यास्तानंतर अर्धा तास कायद्याने मारता येतं, पण घळीच्या पलीकडे त्या वेळी मी मारत नाही, कारण पुढचा शोध अंधारात. मारण्याआधी फोनवर समोरच्या उताराचा फोटो काढा आणि जनावराच्या जागेला खूण ठरवा, जळकं झाड, पांढरा दगड काहीही. उतारावर रेंजफाइंडरचं कोनाचं बटण चालू ठेवा, तीस अंशाच्या उतारावर ४०० यार्ड गोळीसाठी साडेतीनशेच असतात. बून अँड क्रॉकेट क्लब, शिकाऱ्यांचा जुना अमेरिकन क्लब, १८८७ ला थिओडोर रूझवेल्टने काढलेला, तेसुद्धा यार्डचा आकडा देत नाहीत, मारणाऱ्याचा हेतू काय ते बघा म्हणतात, शिकार करतोय का बंदुकीची परीक्षा घेतोय. हौस असेल तर त्यासाठी लोखंडी पाट्या आहेत, हजार यार्डवर मारा, मीही मारतो, मजा येते.

बाकी सामान: दोन सुऱ्या, मांस भरायच्या चार-पाच जाळीदार पिशव्या, दोरी, हेडलॅम्पचे जास्तीचे सेल. एका एल्कचं मांस खाली आणायला आपल्याला चार-पाच फेऱ्या, तेव्हा तेही अंतरात धरा, गाडीपासून किती लांब मारताय. डॅलसवाल्याने कुकर आणायचा, मोठा, शिट्टी चालू असलेला, या मांसाला चरबी नाही, सात-आठ शिट्ट्या लागतात. गोडा मसाला माझ्याकडे आहे. प्लेटा मात्र आपापल्या, आणि नेम लावलेल्या सगळ्या जपून घेऊन या, हुकलेल्या धरून, पहिल्या रात्री कॅम्पवर बघणार आहे.