लिनक्सवर राउटिंगचे रूल लावण्याआधी

राउटिंगचा रूल म्हणजे कोणत्या पॅकेटसाठी कोणतं रूटचं (वाटांचं) टेबल पाहायचं, ते सांगणारी ओळ. दोन इंटरनेट लाइन जोडलेल्या सर्व्हरवर असे रूल लावणार असाल, तर कन्सोलवरून, म्हणजे नेटवर्कशिवाय, लॉगिन होतंय ना ते आधी पाहा. रूल चुकला की एसएसएच (नेटवर्कवरून केलेलं लॉगिन) तिथल्या तिथे तुटतं.

मग 'आयपी रूल शो' चालवून आलेलं उत्तर फाइलमध्ये ठेवा. काही न बदललेल्या यंत्रावर तीनच ओळी असतात: ० वर लोकल, ३२७६६ वर मेन, ३२७६७ वर डीफॉल्ट. ही टेबलांची नावं, आकडा म्हणजे रूलची प्रायॉरिटी. लहान आकडा आधी तपासला जातो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक नव्या रूलला प्रायॉरिटीचा आकडा स्वतः द्या. गेल्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. आकडा दिला नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) आपल्या मनाने देतो: पहिल्या रूलला ३२७६५, त्यापुढच्याला ३२७६४. म्हणजे स्क्रिप्टमध्ये सर्वांत शेवटी लिहिलेला रूल सर्वांत आधी तपासला जातो. 'उरलेलं सगळं दुसऱ्या लाइनने' हा रूल आपण शेवटीच लिहितो ना? तोच मग सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो. म्हणून आकडा द्या. १००, २००, ३०० असं अंतर ठेवा, मध्ये काही घालावं लागतंच. आणि कोणता आकडा कशासाठी, ते स्क्रिप्टमध्येच लिहा. 'हाय प्रायॉरिटी' एवढंच लिहाल तर वाचणारा मोठा आकडा समजेल.

मेट्रिकची, म्हणजे रूटला दिलेल्या पसंतीच्या आकड्याची, यात गल्लत करू नका. एका टेबलात जास्त नेमका प्रीफिक्स (रूट ज्या पत्त्यांसाठी आहे तो गट) जिंकतो, प्रीफिक्स सारखाच असेल तर कमी मेट्रिक. पण टेबल कोणतं, हे रूलच्या आकड्यावरून आधीच ठरलेलं असतं. तुमच्या टेबलात डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीचा) असेल तर शोध तिथेच संपतो, मग मेनमध्ये कितीही नेमका रूट असो. त्यामुळे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचे रूटही नव्या टेबलात घाला, नाहीतर आतला ट्रॅफिक गेटवेकडे जाईल. टेबलात जुळणारा रूटच नसेल, तर मात्र पुढचा रूल पाहिला जातो.

'आरपी फिल्टर' (पॅकेट ज्या लाइनने आलं त्याच लाइनने उत्तर जाईल का, ते पाहणारी कर्नलची सेटिंग) १ वर असेल तर परतीची पॅकेट गळू शकतात, २ करा. पॅकेट कोणत्या वाटेने जाईल ते 'आयपी रूट गेट' सांगतं; त्याला फ्रॉम देऊन दोन्ही लाइनचे पत्ते तपासा. रूल रीबूटनंतर उरत नाहीत, नेटवर्कच्या कॉन्फिगमध्ये घाला. आकड्यांसकट. आयपीव्ही६ची रूलयादी वेगळी असते, तिथेही आकडे द्या.